आजार जुना, केसपेपर नवा

ग्रामीण बालआरोग्यावर कुठेही चर्चा झाली की एक युक्तिवाद ठरलेला असतो. तो करणारी माणसं वाईट नसतात. बरीचशी स्वतः डॉक्टर असतात आणि कामाने थकलेली असतात. ती म्हणतात, खरा प्रश्न पालकांचा आहे. मूल सारखं आजारी पडलं की हे आधी दृष्ट काढणार, मग देवऋषी गाठणार, मग चार डॉक्टर बदलणार. एकाचंही औषध पुरं करणार नाहीत, आणि सगळं हाताबाहेर गेलं की आमच्या दारात येऊन विचारणार, "डॉक्टर, ह्याला झालंय तरी काय?" सभागृहात माना डोलतात, जनजागृतीचा ठराव होतो आणि विषय संपतो.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. पुन्हा पुन्हा होणाऱ्या आजाराचं निदान बहुधा एका भेटीत दिसतच नाही. ते भेटींच्या क्रमात असतं: पहिला ताप कधी आला, किती दिवस राहिला, मध्ये मूल कसं होतं, वजन वाढलं की अडलं, पुढचा ताप किती दिवसांनी आला. हा क्रम सांभाळून ठेवण्याचं काम आपल्या आरोग्यव्यवस्थेत कुणाकडेच सोपवलेलं नाही. निदान अडतं ते इथे, आणि निदान अडलं की आईबाप फिरायला लागतात.

भोर तालुक्यातलं भोंगवली घ्या. मुद्दाम हे गाव घेतो. वेल्हे तालुक्यातल्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, डोंगरमाथ्यावरची एखादी वाडी घेतली असती तर "तिथे डॉक्टरच पोचत नाही" म्हणून प्रश्न मिटवता आला असता. भोंगवलीचं तसं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र गावातच आहे. पुणे-सातारा महामार्ग जवळ आहे. किकवी, नसरापूर, कापूरहोळ, नीरेपलीकडे शिरवळ असे खासगी दवाखाने हाताशी आहेत. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि पुणं पन्नासेक किलोमीटरवर. डॉक्टर नाहीत ही इथली तक्रार होऊच शकत नाही.

आता कल्पना करा, या गावात अडीच वर्षांची एक मुलगी आहे आणि तिला दर महिना-दीड महिन्याने सणकून ताप येतो. पहिल्या वेळी आई तिला गावातल्या केंद्रात नेते, तापाचं पातळ औषध मिळतं, ताप उतरतो. दुसरा ताप रविवारी येतो, म्हणून नसरापूरचा खासगी दवाखाना, तिथे अँटिबायोटिक. तिसऱ्या वेळी मायलेकी माहेरी असतात, म्हणून शिरवळ. रक्त तपासतात, "टायफॉईड निघाला". चौथ्यांदा छाती भरते, भोरला तीन दिवस दाखल. पाचव्यांदा कुणीतरी पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञाचं नाव सांगतं. पाच ताप, पाच ठिकाणं, पाच नवे केसपेपर. प्रत्येक डॉक्टरने समोर दिसला त्या तापावर उपचार केला आणि त्या दिवसापुरता तो कदाचित बरोबरही होता. पाचही ताप एका ओळीत मांडून मात्र कुणीच पाहिले नाहीत. या आईवर "डॉक्टर बदलते" असा ठपका ठेवणाऱ्यांनी सांगावं, डॉक्टर कुणी बदलले? रविवारने, एसटीच्या वेळापत्रकाने, खिशातल्या पैशांनी आणि माहेरच्या लग्नाने.

ओळीत मांडल्याने काय मोठं कळणार होतं, असं कुणी विचारेल. पुष्कळ कळतं. शाळेच्या वयाआधीच्या धडधाकट मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं ही सामान्य गोष्ट आहे. दोन तापांच्या मधे मूल हसतं-खेळतं असेल, वजन वाढत असेल, तर बहुतेकदा त्याला कुठलाही मोठा आजार नसतो. "काही नाही" हे निदानसुद्धा क्रम पाहूनच करता येतं. तसा तो पाहिला नाही म्हणून किती निरोगी मुलांच्या पोटात दर महिन्याला अँटिबायोटिक जातं, याचा हिशेब कोण देणार?

उरलेल्या थोड्या मुलांत प्रत्येक आजाराची चाल वेगळी असते. दमा रात्री आणि ऋतू बदलताना उठतो, खोकल्याबरोबर छातीत शिटी वाजते, आणि दरवेळी त्याला "न्यूमोनियाची सुरुवात" म्हणून इंजेक्शनं दिली जातात. क्षयरोगात खोकला किंवा ताप दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळतो आणि वजन उतरतं. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग लहान मुलात नुसता ताप होऊन येतो, ना सर्दी ना खोकला. अँटिबायोटिकच्या आधी लघवी तपासली नाही तर तो निसटतो, आणि वारंवार निसटला तर मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. वर्षात दोनदा न्यूमोनिया, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेऊनही न हटणारा संसर्ग, अंगात खोलवर पुन्हा पुन्हा होणारे गळू, ही जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषाची चाल असू शकते. यातलं एकही चित्र एका केसपेपरवर मावत नाही.

जन्मजात प्रतिकारदोषांच्या वैद्यकाचा पायाच एका मोजदादीवर उभा आहे. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांत त्याच्या रक्तात १९ वेळा जंतुसंसर्ग झाला होता. प्रत्येक खेप औषधांनी आटोक्यात येई, म्हणजे प्रत्येक खेपेचं निदान आणि उपचार बिनचूक होते. ब्रुटन मात्र १९ या आकड्यावर अडून बसले. त्या मुलाच्या रक्तातली प्रथिनं त्यांनी त्या काळी नव्या असलेल्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या यंत्रावर वेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नव्हतंच. ते बाहेरून द्यायला लागल्यावर आजारपणाची साखळी तुटली. हे १९५२ साली प्रसिद्ध झालं. १९ वेगवेगळ्या डॉक्टरांनी १९ केसपेपर काढले असते तर ते यंत्र कुणाला आठवलंही नसतं.

१९८७ साली अमेरिकेतल्याच मार्शल आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला आजार याहून बोलका आहे. लहान मुलाला तीन ते सहा आठवड्यांच्या ठरावीक अंतराने तीन-पाच दिवस मोठा ताप येतो, तोंडात फोड, घसा लाल, मानेतल्या गाठी सुजलेल्या. मग सगळं आपोआप शांत, आणि मूल ठणठणीत. 'पीएफएपीए' या आद्याक्षरांनी डॉक्टर तो ओळखतात. त्याची निश्चित रक्तचाचणी नाही. कॅलेंडर हीच त्याची मुख्य तपासणी. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. भोंगवलीच्या त्या काल्पनिक मुलीला कदाचित हेच असेल, कदाचित नसेल. पण पाच तापांच्या तारखा एका कागदावर नसतील तर जगातला कुठलाही तज्ज्ञ ते सांगू शकणार नाही.

परदेशातले दाखले देऊन गावाकडचं काही सिद्ध होत नाही, असा आक्षेप येईल. मग पुण्याचाच दाखला घेऊ. एके काळी या देशात तान्ह्या आणि दुडदुडत्या मुलांचा एक भयंकर यकृतविकार होता. कलकत्त्यात सेन यांनी १८८७ साली त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिरोसिस' नाव पडलं. मूल किरकिरं होई, पोट फुगे, यकृत दगडासारखं लागे, मग कावीळ आणि जलोदर. कावीळ दिसल्यावर मूल सहसा हाती लागत नसे. खाऊन-पिऊन सुखी घरांतही हा विकार शिरे, आणि एकाच घरात एकापाठोपाठ एक भावंडं घेऊन जाई. त्यामुळे गावात शाप म्हणत आणि वैद्यकाच्या पुस्तकांत आनुवंशिक दोष. कुणी विषाणूवर बोट ठेवलं, कुणी शेंगदाण्यातल्या बुरशीच्या विषावर.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९७९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये टॅनर, पंडित आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या मुलांच्या यकृतात तांबं निरोगी यकृताच्या कित्येक पट साठलेलं असतं. पण ते आलं कुठून, हे सांगायला प्रयोगशाळा असमर्थ होती. ते घराघरातून कळलं. वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला निरोगी मुलं घेऊन आयांना हे प्रश्न पद्धतशीर विचारले गेले. आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालं होतं, आणि ते बिनकल्हईच्या पितळेच्या, तांब्याच्या भांड्यांत तापवलं-साठवलं जात होतं. दुधातलं केसीन भांड्यातलं तांबं पकडून ठेवतं, हे नंतर प्रयोगानेही दिसलं. १९८३ पासून १९९२ पर्यंत हे निष्कर्ष आणि प्रतिबंधाचे उपाय प्रसिद्ध होत गेले. लवकर सापडलेल्या काही मुलांना पेनिसिलामाइन या तांबं बाहेर काढणाऱ्या औषधाने वाचवता आलं. घरोघरी स्टीलची पातेली आली, आणि हा विकार जवळजवळ दिसेनासा झाला.

तांबं एकटं पुरेसं कारण होतं की शरीरातल्या आधीच्या दोषावर त्याने घाव घातला, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. काही भारतीय विकृतिशास्त्रज्ञांनी तांब्याच्या सिद्धान्तालाच हरकत घेतली. तेही नोंदवायला हवं. मात्र ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ दरम्यान १३८ तान्ह्या मुलांचे अशाच विकाराने बळी गेल्याची नोंद १९९६ मध्ये झाली, आणि तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवलं जात होतं. तिथेही भांडी बदलली आणि आजार गेला. घराण्याचा शाप म्हणून जे मिरवलं जात होतं त्यातला एक दुवा चुलीवर सापडला. तो कुणाला ठाऊक होता? आईला. फक्त तोवर तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता अंधश्रद्धेकडे येऊ. देवऋषी अंगारा देतो, डाग देतो, उपचाराला उशीर करतो. त्याने मुलं दगावली आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता, आणि तो अधिक कडकपणे राबवायला हवा. पण देवऋषीकडे माणसं का जातात, याचं उत्तर फक्त अडाणीपणात शोधणं हा आळस आहे. तो देतो ते उत्तर खोटं असतं, पण त्याचे प्रश्न नीट ऐका. कधीपासून होतंय? किती वेळा झालं? त्याआधी घरात काय घडलं? अमावास्येला होतं की मधेच? त्याच्याकडे वेळ असतो, आणि सगळी आजारपणं तो एका दोऱ्यात ओवतो. दोरा खोटा असतो, पण आजारपणं एकत्र पाहणारा, आईला भेटलेला तो पहिलाच माणूस असतो. दवाखान्यात तिला दोन मिनिटं मिळतात आणि "आज काय होतंय तेवढंच सांगा" असं ऐकावं लागतं. देवऋषीची गिऱ्हाइकी मोडायची असेल तर त्याचे प्रश्न डॉक्टरांनी आपल्या ताब्यात घ्यावेत.

गावातल्या बायकांना निरीक्षण जमत नाही, हा समज तर गडचिरोलीत केव्हाच मोडीत निघाला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर सुईणींसाठी श्वास मोजायचं साधं उपकरण तयार केलं: वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. त्याच्या आधाराने त्या मुलांचा न्यूमोनिया ओळखू लागल्या. गावपातळीवर न्यूमोनियाचा उपचार केल्याने बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. पन्नासपर्यंत अंक न येणारी बाई श्वास मोजू शकते, तर बारावी झालेली भोंगवलीची आई तापाच्या तारखा लिहू शकणार नाही?

दुसऱ्या टोकाचा युक्तिवाद शहरी पालकांकडून आणि काही दवाखान्यांकडून येतो: सगळ्या तपासण्या एकदाच करून टाका, काय ते निघेल. याला माझा तेवढाच विरोध आहे. विडाल चाचणीचंच पाहा. १८९६ पासूनची ही चाचणी आपल्याकडे एका नमुन्यावर करतात आणि त्यावर टायफॉईडचा शिक्का मारतात. टायफॉईड जिथे कायम असतो त्या भागात जुन्या संसर्गाने किंवा लसीनेही ती वर दिसू शकते, आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णातही ती खाली राहू शकते. खात्री रक्ताच्या कल्चरने होते, आणि कल्चरच्या आधीच अँटिबायोटिक पोटात गेलेलं असेल तर तीही संधी हुकते. एकाच मुलाला वर्षात तीनदा टायफॉईड निघाला असं कुणी सांगितलं, तर बहुधा तिन्ही वेळा खरं कारण शोधलं गेलेलं नसतं. काय शोधायचं ते ठरवल्याशिवाय केलेल्या तपासण्या आईबापांचं कर्ज वाढवतात, निदान जवळ आणत नाहीत. आणि काय शोधायचं ते मागचा क्रमच सांगतो.

सरकारी बाजूचं उत्तर असतं की योजना आहेत. आहेत, नाकारत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पण पथक येतं त्या दिवशी, दोन तापांच्या मधे, आपली ही मुलगी अंगणात पळत असते. ती "निरोगी" नोंदली जाते, आणि त्या दिवसापुरती ती निरोगी असतेही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. उत्तम झालं. पण फुकटचा केसपेपरही प्रत्येक वेळी कोराच असतो. आयुष्मान भारतचा चौदा आकडी 'आभा' क्रमांक मिळाला, तरी नसरापूरच्या छोट्या दवाखान्यातली चिठ्ठी त्यात आपोआप जात नाही. वरच्या टोकालाही सोय आहे. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. त्याच आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या होतात. खाली भोंगवलीचं केंद्र आहे, वर परळचं केईएम आहे. मधल्या वाटेवर मुलाचा इतिहास पोचवणारं कुणी नाही.

यासाठी नवी इमारत नको, नवं मंत्रालय नको. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येक घरात आहे. लसीच्या तारखांसाठी आया ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं जपतात. कागद उपयोगाचा असेल तर गाव तो सांभाळतं, याचा हा रोजचा पुरावा. त्याच कार्डाला आजारपणाची चार पानं जोडा: तारीख, ताप किती, किती दिवस, सोबत काय, कुठलं औषध, वजन. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने त्यावर वाचता येईल अशा अक्षरात दोन ओळी लिहाव्यात आणि औषधाचं नाव लिहावं. "पांढरं पातळ औषध" या वर्णनावरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा तोच त्रास झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्राने ती पानं समोर ठेवून मुलाला वेळ द्यावा आणि गरज वाटली तर सविस्तर चिठ्ठीसह वर पाठवावं. वरून उत्तर परत त्याच केंद्रात यावं, म्हणजे आशाताईला ठाऊक राहील की त्या घरी काय बघायचं आहे.

ओपीडीत शंभर पेशंट असताना हे कसं जमणार, हा डॉक्टरांचा सवाल खरा आहे. पण आजही तोच वेळ खर्च होतोच आहे. एकाच मुलाला पाचदा नव्याने तपासण्यात, पाचदा तेच अँटिबायोटिक लिहिण्यात, पाचदा त्याच आईला दटावण्यात तो जातो. दोन ओळी लिहायला लागणारा वेळ त्यातूनच निघेल.

आणि इतकं करूनही काही मुलांच्या आजाराला नाव मिळणार नाही. वैद्यकाला आजही सगळं कळत नाही, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. माझी शेवटची मागणी त्या मुलांसाठी आहे. कळलं नसेल तेव्हा टायफॉईड, "अशक्तपणा" किंवा "प्रतिकारशक्ती कमी" असं काहीतरी लिहून पान भरू नका. लिहा: निदान झालेलं नाही, आतापर्यंत अमुक नाकारलं आहे, पुढच्या तापात औषधाआधी लघवी आणि रक्ताचं कल्चर घ्यावं. खोटं नाव लिहिलं की शोध तिथेच थांबतो. "निदान झालेलं नाही" एवढं प्रामाणिकपणे लिहिलेलं असेल, तर पुढचा डॉक्टर त्याच ओळीपासून कामाला लागू शकतो.